चौथ्या टेबलाची हाक

रुग्णालयाच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालण्याचा जो विभाग आहे, त्याचा मी गेली एकोणीस वर्षे मुकादम आहे. माझे शिक्षण आठवी इयत्तेपर्यंतच झाले. पुढे जे वाचन घडले ते स्वतःच्या हौसेने, जेवणाच्या सुट्टीत, कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसून. तेव्हा लिहिण्यात काही उणे राहिल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे. जे घडले ते मात्र मी जसेच्या तसे लिहीत आहे, कारण ते घडून येण्यात माझाही हात होता.

आमच्या विभागात सहा टेबले आणि बारा बायका. तापलेल्या रुळांतून चादर बाहेर पडते. दोघी जणी समोरासमोर उभ्या राहून तिची दोन-दोन टोके धरतात, ताणतात, टोकाला टोक जुळवतात, मग एकीने चालत जाऊन आपली टोके दुसरीच्या हाती द्यायची. दुसरीने ती न चुकता धरली पाहिजेत. सुटली तर चादर जमिनीवर पडते, आणि पडलेली चादर पुन्हा धुवावी लागते असा रुग्णालयाचा कडक नियम आहे. दिवसभरात एका टेबलावर सातशे-आठशे चादरी होतात. संध्याकाळी पायांचे तुकडे पडतात आणि बोटांची टोके उन्हात तापलेल्या दगडासारखी कोरडी होतात.

चौथ्या टेबलावर माझी थोरली बहीण काम करीत असे. सारा विभाग तिला ताई म्हणतो. दोन वर्षांपूर्वी तिची दृष्टी मंदावू लागली. चष्म्याने भागणारे हे दुखणे नव्हे, डोळ्यामागची शीर सुकते आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. मागील वर्षापासून तिला उजेड आणि सावली एवढेच कळत असे. पूर्ण निवृत्तिवेतन मिळण्यास अकरा महिने उरले होते. कार्यालयास तिच्या डोळ्यांविषयी कळले असते तर नियमाप्रमाणे तिला त्याच आठवड्यात घरी बसावे लागले असते. बाराही बायकांना हे ठाऊक होते आणि बाराही जणींनी तोंड मिटून घेतले होते.

ताईच्या समोर उभी राहणारी जोडीदारीण दिवसभर अखंड बोलते, म्हणून तिला आम्ही रेडिओ म्हणतो. तिने ताईसाठी तीन शब्द बसवले होते. चादर हाती आली की "ओढ", टोके एकत्र करायची वेळ झाली की "जुळव", आणि जवळ येऊन टोके पुढे केली की "घे". जिथून "घे" ऐकू येई तिथे ताईचे हात बरोबर जात. साहेबांचे कार्यालय वरच्या मजल्यावर आहे आणि त्यांना काचेतून खालचे सारे दिसते, परंतु यंत्रांच्या घरघरीत ऐकू काही येत नाही. त्यामुळे आमचे बरे चालले होते.

एके दिवशी साहेबांनी मला वर बोलावले.

"मुकादम, कॉलेजची दोन मुलं येणार आहेत. सहा आठवडे तुमच्याकडे राहतील. लोक काम कसं करतात ते बघतील."

"बघून काय करतील, साहेब?"

"लिहितील."

"आणि लिहून?"

"पास होतील," साहेब म्हणाले. "आपल्याला त्रास नाही. दर पंधरा दिवसांनी जे लिहिलं त्याची एक प्रत मला द्यायची, या अटीवर हो म्हटलंय."

मुले खाली येऊन उभी राहिली म्हणजे सहा टेबलांपैकी एकाच टेबलावर हाका का मारतात, हे पहिल्या तासातच विचारणार. रात्रभर विचार करून मी सकाळी बायकांना गोळा केले आणि सांगितले की, आजपासून सर्व टेबलांनी त्या तीन हाका द्याव्यात.

"म्हणजे आता आम्ही सगळ्याच आंधळ्या का?" रेडिओने विचारले.

"बरं झालं," ताई म्हणाली. "एकटीला कंटाळा आला होता."

बायका हसल्या, नाके मुरडली, परंतु सुट्टीपर्यंत सहाही टेबलांवरून "ओढ, जुळव, घे" सुरू झाले. सहा टेबले वेगवेगळ्या वेळी बोलत. एकीचे "घे" संपते न संपते तोच दुसरीचे "ओढ" येई. ऐकण्यास ते बरे वाटत होते, हे मी कबूल करतो.

तिसऱ्या दिवशी विद्यार्थी आले. एक मुलगा आणि एक मुलगी. मुलाजवळ चाळीस प्रश्नांची छापील यादी होती आणि तो प्रत्येक उत्तरानंतर "कशामुळे?" असे विचारीत असे. दुपारपर्यंत त्याचे नावच "कशामुळे" पडले. मुलीच्या हाती सदैव एक जाड वही असे, म्हणून ती वही.

पहिले आठवडे त्यांना फार जड गेले. यंत्रातून बाहेर येणाऱ्या चादरीच्या वाटेतच कशामुळे उभा राही. रेडिओला त्याने यादीतला पहिला प्रश्न विचारला, "हे काम तुम्ही कशामुळे निवडलंत?"

"मी कुठं निवडलं? कामानंच मला निवडलं. मी मागच्या रांगेत लपले होते तरी शोधून काढलं."

त्याने ते लिहून घेतले. पुढील प्रश्नास त्याला उत्तर मिळाले नाही, कारण चादर आली होती आणि तो तिच्यावर उभा होता.

वहीची अडचण निराळी होती. तिने वही उघडली की बायका बोलणे थांबवीत आणि मिटली की पुन्हा सुरू करीत. हे तिच्या ध्यानी यायला आठवडा लागला. दुसऱ्या सोमवारी तिने वही कोठारात ठेवली आणि पाचव्या टेबलावरच्या बाईला म्हणाली, "मला शिकवाल का?" त्या दिवशी तिने पंचवीस चादरी पाडल्या. संध्याकाळी ती पायरीवर बूट काढून बसली होती. मी विचारले, "काय शिकलीस?"

"पाय कुठे कुठे दुखू शकतात ते," ती म्हणाली.

त्यानंतर बायका तिच्याशी बोलू लागल्या. घरच्या गोष्टी, सासवांच्या गोष्टी, कोणाच्या मुलाने काय दिवे लावले ते सारे तिला कळू लागले. ती घरी जाऊन आठवून लिहीत असे आणि सकाळी तिचे डोळे सुजलेले असत. परंतु तिचा जीव जडला तो त्या हाकांवर. हातांच्या लयीतून शब्द कसे जन्मतात याविषयी तिच्या सरांनी वर्गात काही सांगितले होते, आणि ते जणू प्रत्यक्ष समोर उभे राहिले असे तिला वाटले.

"काका, ही हाक कधीपासून आहे?" तिने मला विचारले.

"माझ्या आधीपासून," मी म्हणालो. एवढेच बोललो, परंतु ते खोटे होते.

मग ती टेबलाटेबलावर फिरली. पहिल्या टेबलाने सांगितले की हाक सासूकडून आली. दुसऱ्याने सांगितले की पूर्वी येथे होड्यांची शिडे शिवीत, ती हाक त्या काळची. रेडिओने तर कहर केला. तिने पोरीला शेंडी लावली की "घे" हा शब्द मुळात लग्नातला आहे, नवरी सासरी जाताना आई म्हणते तो. वहीच्या डोळ्यांत पाणी आले. रेडिओ नंतर मला म्हणाली, "मुकादम, मला वाटलं ती हसेल. ती रडायला लागली. आता परत कसं घेऊ?"

चौथ्या आठवड्यात रेडिओच्या मुलास ताप आला आणि ती कामावर आली नाही. ताईसमोर कोणास उभे करावे याचा विचार करीत मी कोठारातून साबणाची पिंपे मोजून परत आलो, तो चौथ्या टेबलावर वही उभी. मी जवळ जाणार तोच ती म्हणाली, "मी आहे ना, काका. मला येतं आता." बाकीच्या बायका माझ्याकडे पाहू लागल्या. तिला तिथून हटवावे तर संशय येणार, आणि न हटवावे तर काय होईल ते दिसतच होते. मी तसाच उभा राहिलो.

दुपारपर्यंत ठीक चालले. पोरगी इमानाने तिन्ही हाका देत होती. तीन वाजल्यानंतर थकवा आला म्हणजे माणूस प्रथम बोलणे बंद करतो. तिचेही तसेच झाले. "ओढ" झाले, "जुळव" पुटपुटले, आणि टोके पुढे करताना ती काहीच बोलली नाही. ताईचे दोन्ही हात हवेत तसेच थांबले. तोंड खिडकीकडे. चादर सुटली आणि दोघींच्या मधोमध पडली.

"बोल ना गं," ताई म्हणाली. "मुकी झालीस का?"

वही पडलेल्या चादरीकडे पाहत राहिली, मग ताईच्या हातांकडे. ते हात अजून खाली आले नव्हते. नंतर तिने चादर उचलून टोपलीत टाकली, नवीन चादर घेतली आणि "ओढ" म्हणाली. सुटीचा भोंगा होईपर्यंत तिची एकही हाक चुकली नाही. तिचा आवाज मात्र बदलला होता. तोवर ती हाक गात असे. आता ती ताईला सांगत होती.

सुटीनंतर ती कोठारात आली.

"काका, ही हाक किती जुनी आहे?"

"चार आठवडे," मी म्हणालो. "चौथ्या टेबलावर वर्षभर."

ती गठ्ठ्यावर बसली. "मी त्यावर बावीस पानं लिहिलीत. सरांनी वर्गात वाचून दाखवली." बराच वेळ ती बुटाची नाडी सोडीत आणि बांधीत राहिली. "तुम्ही सगळ्यांनी मला फसवलंत."

"तुला नाही. फसवत होतो वरच्यांना. तू मध्ये आलीस."

मग मी तिला सर्व सांगितले. अकरा महिन्यांचेही सांगितले.

"कुणाला सांगणार नाही," ती म्हणाली. "त्यालासुद्धा नाही."

येथे एक गोष्ट मान्य करतो. "त्यालासुद्धा नाही" ऐकून मला सुटल्यासारखे वाटले होते. तीच चूक ठरली. कशामुळेला जर आम्ही त्या संध्याकाळी सांगितले असते, तर पुढचे टळले असते. परंतु त्याला काहीच ठाऊक नव्हते. त्याच्या चाळीस प्रश्नांनी त्याला काही मिळवून दिले नव्हते, म्हणून बिचाऱ्याने घड्याळ काढले होते. एका घडीला हाकेसह किती सेकंद लागतात आणि बायका हाक विसरतात तेव्हा किती, याचा तक्ता त्याने आठवडाभर बसून मोठ्या निष्ठेने तयार केला आणि अटीप्रमाणे शुक्रवारी साहेबांना दिला. हाकेसह अकरा, हाकेशिवाय नऊ.

शनिवारी साहेब तक्ता घेऊन खाली आले. प्रथमच त्यांनी ती हाक जवळून ऐकली.

"मुकादम, हे काय चालवलंय? चादरीमागे दोन सेकंद फुकट. सोमवारपासून बंद. सोमवारी मी स्वतः येऊन उभा राहतो."

कशामुळेचा चेहरा उजळला होता. त्याच्या लिहिण्याने जगात प्रथमच काही हलले होते. वहीने त्याला दंड धरून कोठारात आणले.

"कुणी सांगितलं होतं मोजायला?"

"मी फक्त मोजलं. मोजण्यात काय वाईट आहे?"

"द्यायला कुणी सांगितलं?"

"अट होती ना. तूही देतेस." तो माझ्याकडे वळला. "काका, काय झालं? मी काही चुकीचं मोजलं का?"

"नाही रे. बरोबर मोजलंस," मी म्हणालो. वहीने मला वचन दिले होते आणि ती ते पाळत होती. माझ्याने तोंड उघडवले नाही.

रविवारी माझ्या घरी, पुढच्या खोलीत, ताई आणि रेडिओ यांनी घरातल्या चादरी घेऊन सराव केला. हाकेऐवजी कापडाला हिसका द्यायचा. एक हिसका म्हणजे जुळव, दोन म्हणजे घे. माझी पत्नी चादरी उलगडून देत होती आणि त्या पुन्हा घडी करीत होत्या. रेडिओ त्या दिवशी जन्मात प्रथमच सहा तास गप्प राहिली. तिसाव्या-चाळिसाव्या चादरीनंतर जमू लागले.

"बघ, जमतंय की," मी म्हणालो.

"जमतंय," ताई म्हणाली आणि खुर्चीवर बसली. "हातांना ऐकायला शिकवलं होतं. आता त्यांना बहिरं करायचं. शिकतील बापडे." माझ्या पत्नीने तिचे पाय स्टुलावर उचलून ठेवले तेव्हा तिने ते तसेच राहू दिले. एरवी ती कोणाला पायांस हात लावू देत नसे.

सोमवारी साहेब बरोबर दहा वाजता खाली आले. सहा टेबले गप्प. यंत्रांची घरघर एवढी मोठी असते हे मला त्या दिवशी कळले. साहेब हात मागे बांधून पहिल्या टेबलापासून निघाले आणि चौथ्यापाशी थांबले. मी त्यांच्या मागे होतो. ताईची मान ताठ, नजर सरळ पुढे, ओठ मिटलेले. रेडिओचे डोळे मात्र क्षणभरही ताईच्या बोटांवरून हलत नव्हते. एक हिसका. दोन हिसके. ताईच्या कपाळावरून घाम ओघळून डोळ्यांत जात होता आणि तिला तो पुसता येत नव्हता, कारण हात सोडला तर पुढचा हिसका चुकला असता. मी चादरी मोजल्या. एकवीस. एकही पडली नाही.

"बघा," साहेब म्हणाले. "सवयीचा प्रश्न असतो." आणि ते निघून गेले.

रेडिओने श्वास सोडला. पाचव्या टेबलावरची बाई डोळे पुसू लागली. वही भिंतीला टेकून खाली बसली. आम्ही जिंकलो होतो.

"गेले का?" ताईने विचारले.

"गेले."

तिने हातातली चादर पूर्ण घडी करून ठेवली, वरून हात फिरवून कडा तपासल्या आणि कमरेचा एप्रन सोडला.

"मग मीही जाते."

"कुठं? ताई, जमलं आपलं."

"वीस मिनिटं जमलं रे. वीस मिनिटांत वीस वर्षांएवढी दमले. असे अकरा महिने काढायचे? आणि हिनं," तिने रेडिओच्या दिशेने हात केला, "हिनं अकरा महिने तोंड मिटून माझ्या बोटांकडे बघत बसायचं? फुटेल ती."

"मी फुटत नाही," रेडिओ म्हणाली.

"तू गप्प बसलीस की मला भीती वाटते बाई."

मी तिला समजावू लागलो. निवृत्तिवेतन, डॉक्टर, पुढची वर्षे, सारे बोललो. माझे बोलणे संपेपर्यंत ती थांबली. लहानपणीही माझा हट्ट ती असाच पूर्ण ऐकून घेई आणि मग स्वतःला जे करायचे तेच करी.

"तो मुलगा कुठं आहे? घड्याळवाला?"

कशामुळे पुढे आला.

"वर ऑफिसात जायचंय मला. जिना आहे. हात दे."

त्याला कळले नाही. त्याने हात पुढे केला आणि ताईने तो हवेत थोडा शोधून धरला. मी त्याचा चेहरा पाहत होतो. तिच्या बोटांनी त्याचे मनगट शोधण्यास जो एक क्षण घेतला, तेवढ्यात त्याला सर्व समजले. तो माझ्याकडे पाहू लागला आणि मी खाली पाहिले.

"पायऱ्या किती ते सांग," ताई त्याला म्हणाली. "मोजायला येतं ना तुला?"

दोघे हळूहळू जिना चढले. तो एकेक पायरी मोठ्याने मोजत होता. अठरा.

साहेब वाईट मनुष्य नव्हेत. त्यांनी ताईला खुर्ची दिली, पाणी मागवले, तिचे सर्व ऐकून घेतले आणि मग तपासणीचा अर्ज भरला, कारण ऐकल्यानंतर न भरणे त्यांनाही शक्य नव्हते. पंधरा दिवसांत कागद परत आला. ताईची सेवा अपूर्ण ठरली आणि निवृत्तिवेतन निम्म्याहून थोडे अधिक बसले. कशामुळे स्वतःचा तक्ता परत मागण्यास वर गेला होता. तक्ता मुख्य कार्यालयात गेला आहे आणि तेथे सर्वांना पसंत पडला आहे, असे त्याला सांगण्यात आले. तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "काका, तुम्ही मला का नाही सांगितलं?" मी म्हणालो, "तू मोजत होतास. मला वाटलं मोजणाऱ्याला सांगू नये." यापेक्षा बरे उत्तर मला अद्याप सुचलेले नाही.

वहीने बावीस पाने सरांकडून परत घेतली. सहा आठवडे संपले होते. तिला परीक्षेसाठी मुदत मागावी लागली आणि ती नव्याने लिहीत बसली. लिहून होताच ती आणि कशामुळे आमच्या घरी आले. ताई आता आमच्याकडेच राहते. पुढच्या खोलीत खिडकीजवळ तिची खुर्ची आहे.

"ताई, तुम्हाला आधी वाचून दाखवते," वही म्हणाली. "नको वाटेल ते काढून टाकीन. तुमचं नाव कुठेच घातलेलं नाही."

"नाव नको. टेबलाचा नंबर घाल. तो कुणाला कळत नाही आणि मला कळतो."

वही वाचू लागली. पहिल्या पानाच्या शेवटी एक वाक्य होते की चौथ्या टेबलावरील बाईंना काहीही दिसत नव्हते.

"ते खोड," ताई म्हणाली.

"कोणतं, ताई?"

"काहीही दिसत नव्हतं म्हणे. मला उजेड दिसतो. ती बघ खिडकी." तिने बरोबर खिडकीकडे बोट केले. "माणसं सावलीसारखी दिसतात. तू लांब सावली आहेस. हा दारात उभा आहे तो रुंद. आत ये म्हणावं त्याला, उजेड अडवतोय."

कशामुळे आत येऊन जमिनीवर बसला. वहीने ओळ खोडली, वर लिहिले, आणि लिहिलेले वाचून दाखवले. ताईने मान हलवली. पुन्हा वाचन सुरू झाले. दुसऱ्या पानावर तिने एक जागा दुरुस्त केली, तिसऱ्यावर एक. चौथ्या पानाच्या मध्यापर्यंत तिची मान एका बाजूस कलली आणि हात मांडीवर सैल पडले. वहीने वाचणे थांबवले नाही, आवाज तेवढा खाली आणला, आणि परिच्छेद संपल्यावर माझ्याकडे पाहिले.

"अजून चौदा पानं आहेत, काका."

"गुरुवारी या," मी म्हणालो. "दुपारी या. सकाळी ती लवकर थकते."